पायाकडे पाहणारा उस्ताद

जवळ ये, बापू. अजून जवळ. फोनवर तुले दोन शब्द सांगाले घेतले का तू म्हणतं, "आत्या, मीटिंग चालू आहे, मंग करतो." तुही मीटिंग गेल्या पोळ्यापासून चालूच आहे. म्हणून म्हटलं, लिहूनच पाठवू. कागद काही 'मंग करतो' म्हणत नाही. आता हा कागद डोळ्यापुढं धर, अन सुपारी चघळल्यासारखं हळूहळू वाच. घाईनं गिळू नको. तुले लहानपणापासून गिळाचीच सवय आहे.

उस्तादाचं सांगाचं आहे. तू त्याले एकदाच पाह्यलं, तेही पाठमोरं, अन मले म्हणला, "आत्या, हा म्हातारा येडा आहे का?" येडा नाही तो. पण शहाणा आहे असंही मी लिहून देणार नाही.

अनसिंगच्या आजूबाजूच्या खेड्यांत ढोरा-घोड्यांच्या पायाचं काम करणारा तो एकटाच उरला. बैलाले नाल ठोकणं, वाढलेले खूर छाटणं, रुतलेली गिट्टी काढणं, सडलेलं खरवडून साफ करणं. बाजाराच्या दिवशी तो माह्या दारच्या निंबाखाली बसते. मी काही त्याले बोलावलं नव्हतं. लय वर्षं झाली, एके दिवशी सायकल घेऊन आला, जमिनीवर पाय आपटून पाह्यला, कॅरिअरवरचं पोतं उतरवलं अन म्हणे, "जमीन सपाट आहे. मी इथं बसतो." इचारलं नाही, सांगतलं. मी ओट्यावर तांदूळ निवडत होती. म्हटलं, "हे घर कोणाचं आहे, मालूम आहे का?"

त्यानं माह्या पायाकडे पाह्यलं. म्हणे, "टाचा फाटल्या तिचं."

तेव्हापासून त्याच्या तोंडी माह्यं नाव तेच. आजबी तेच आहे.

माणसाचं तोंड पाहाची त्याले सवयच नाही. मान खाली ती खालीच. माणसं तो चपलेवरून ओळखते. एकदा सरपंच नवे बूट घालून आला, बैलजोडी घेऊन. उस्ताद इचारते, "कोण आहे?"

"अरे, मी सरपंच."

"जुना जोडा घालून ये, मंग ओळखीन."

सरपंचाचं तोंड असं झालं का जसं कारल्याची भाजी खाल्ली. पण करते काय? बैल लंगडत होता, अन लंगड्या बैलाले सरपंच काय अन पंतप्रधान काय.

जनावराले अहो-जाहो अन माणसाले तू, हा त्याचा कायदा. बैल म्हणजे मामाजी. घोडी म्हणजे काकू. बैलाले नाल ठोकाचा तर दोरानं आडवा पाडून चारी पाय बांधा लागतात, तू पाह्यलंच असशील. तर हा आपल्या डोक्याचं फडकं सोडे, घडी करे, अन बैलाच्या डोळ्याखाली ठेवे. डोळ्यात माती जाऊ नये म्हणून. अन हातोडी उचलाच्या आधी म्हणे, "मामाजी, माफ करजा, तुमाले तकलीफ आहे." अन तेच तोंड मालकाकडे फिरवून, "ए, धर नं दोर. झोपला का?"

मी एकदा म्हटलं, "अरे उस्ताद, माणसाशी बी नीट बोलत जा कधी."

तर म्हणे, "माणसाच्या पायाले कोणी खिळे ठोकले का? मंग त्याची माफी कायले मागू?"

खूर छाटताना ज्या चकत्या निघतात, त्या कुत्र्यांले लय आवडतात. तो आला का गावातले सारे कुत्रे निंबाखाली गोल करून बसत, जशी काही ग्रामसभा. पण पहिली चकती कुत्र्याले नाही. पहिली चकती मालकाच्या नाकाले. खूर सडला असला तर त्याचा असा वास येते, बापू, का दोन दिवस जेवण जात नाही. तो ती चकती रापीच्या, खूर छाटाच्या पात्याच्या, टोकावर धरे अन म्हणे, "घे वास." एकदा एक मोठे शेतकरी आले होते, पांढरे शुभ्र कपडे, कडक इस्त्री. त्यांनी रुमाल नाकाले लावला. उस्तादानं रुमाल बाजूले सारला. "रुमाल कायले? हा वास तुह्याच गोठ्यातला आहे. वळख करून घे."

माणसं त्याच्या माघारी त्याले शिव्या देत, अन महिन्यानं पुन्हा जनावर घेऊन येत. मीबी देत होती. चहा देला तर म्हणे साखर जास्त. दुसऱ्या वेळी कमी टाकली तर म्हणे, "काहून, रेशनची संपली का?" असा माणूस. त्याले मी माया लावली असं तुले वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाक. मी फक्त जागा देली, अन ती बी त्यानं मागितली नव्हती.

एकदा वाशीमवरून एक साहेब कारनं आला. नवं घर बांधलं होतं. म्हणे, काळ्या घोड्याचा जुना नाल पाहिजे, दारावर लावाचा आहे, त्यानं घरात भरभराट होते. उस्ताद खाली बसून कानस घासत होता. मान वर न करता म्हणे, "ज्या घोड्याच्या पायाले तो नाल होता, त्याची झाली का भरभराट?" साहेब हसला. त्याले वाटलं गंमत आहे. उस्ताद म्हणे, "तो वरातीत डांबरावर नाचून नाचून मेला. जा, त्याच्या घरच्याले इचारून ये." साहेबाले मीच पाणी देलं. पाहुण्याले दारातून तसं वाटेले लावणं बरं दिसत नाही. पण खरं सांगू का, मले हसू आवरत नव्हतं.

अन एक नियम त्याचा पक्का. नव्या जनावराले पहिल्यांदा नाल ठोकाचा तर पाय मालकानंच धराचा. गडी पाठवला तर जनावर वापस. त्या पांढऱ्या कपड्याच्या शेतकऱ्यानं पुढच्या खेपेले नवा घोडा गड्यासंग पाठवला, तर उस्तादानं गड्याले चहा पाजला माह्याच घरचा, अन घोड्यासहित वाटेले लावला. "ज्याचा घोडा त्याच्या हाताले घाण लागू दे," म्हणे. तेव्हा मले तो नियम लय आवडला. दुसऱ्याच्या अंगावर पडते तोवर नियम चांगलाच वाटते.

आता तुही गोष्ट.

कारंज्याले तू मित्राच्या लग्नाले गेला, तिथं बँडवाल्याची पांढरी घोडी पाह्यली. बिजली. तो ती काढून टाकत होता, कारण तिचे पाय आता नाचत नव्हते. तुले दया आली. दया चांगली गोष्ट आहे. पण ती दया तू टेम्पोत घालून आणली, माह्या गोठ्यात बांधली, तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले, खाली साफ राहावं म्हणून सिमेंटचा कोबा करून घेतला, अन आठव्या दिवशी पुण्याले गेला. अशी दया मले बी येते, बापू. शेजारणीच्या दारात बांधाले भेटली तर रोज येईल.

उस्तादानं निंबाखालून एकदा गोठ्यात पाह्यलं. "ए टाचावाली, ही काकू कोणाची?"

"माह्या भाच्याची."

"तो कुठं आहे?"

"पुण्याले."

"मंग काकूचे पाय बी पुण्याले पाठव. इथं ते सडून राह्यले."

मले असा राग आला. म्हटलं, "माह्या घोडीचं मी पाहून घेईन. पोटच्या लेकीसारखं ठेवलं तिले. हरभरा देते, सरकीची ढेप देते, गूळ देते."

"लेकीचं पोट दिसून राह्यलं मले," म्हणे. "पाय दाखव."

नाही दाखवले. हात लावू देला नाही मी त्याले. ही माह्यी चूक, अन ती मी कबूल करते, कारण तू काही तुही कबूल करणार नाही, मंग घरातल्या एकानं तरी करावी. ओल्या कोब्यावर मुतात उभी राहून तिचे खूर खालून मऊ पडले होते, अन पुढून वाढत चालले होते, जसं जुन्या मोजडीचं टोक वर वळते तसे. अन मी काय करत होती? त्यावर हळद-तेल चोळत होती. चमकतात म्हणून खुश होती.

मंग आला पोळा. तुले मालूम आहे, आपल्या गल्लीत ट्रॅक्टर आले अन बैल गेले. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणाचं, तर म्हणाचं कोणाले, बैलच नाहीत. साऱ्या गल्लीत दोन जोड्या. पण पुरण तर घरोघरी शिजलं. बाया ताट घेऊन निघाल्या, दोन जोड्यांपाशी ही गर्दी. अन माह्या दारात ही पांढरीफट घोडी, कपाळाले कुंकू, गळ्यात घुंगरं. कोणीतरी म्हटलं, "हिलेच ओवाळा नं, हेबी चार पायाचंच आहे." झालं. एकीनं चारली, मंग दुसरीनं, मंग साऱ्या गल्लीची रांग लागली. पुरणपोळी, वरून तूप. बिजली बँडवाल्याकडची, तिले गर्दीची सवय, ती एकेकीच्या ताटात तोंड घालून खाऊन राह्यली. मी ओट्यावर उभी राहून मिरवत होती. वाटत होतं, आपल्या दारात गावचा पोळा भरला.

तिसऱ्या दिवशी घोडी पाय टेकवेना. पुढचे दोन्ही पाय लांब करून, सारा भार मागं टाकून उभी. खुराले हात लावला तर चुलीवरच्या तव्यासारखा गरम. दुपारी बसली ती उठेना. ढोराचे डॉक्टर आले, सुई देली, म्हणाले गोड अन दाणा बंद, अन खुरांचं काम जाणत्या माणसाकडून करून घ्या. तुले फोन केला. तू म्हणला, "आत्या, तू पाह्य नं जरा." जरा.

शेजारचे लोक गोठ्याच्या दारात उभं राहून मान हलवत होते. "गेली आता ही." ज्या बाईनं सगळ्यात जास्त तूप टाकलं होतं, तीच सगळ्यात मोठ्यानं म्हणत होती.

मी ऑटोत बसून उस्तादाच्या गावाले गेली. तो ओसरीत जेवत होता. मी उंबऱ्यात उभी. त्यानं माह्ये पाय पाह्यले. "टाचावाली आली. बस."

"बसत नाही. घोडी बसली."

"काय खाऊ घातलं?"

खोटं सांगावं असं मनात आलं होतं. पण त्या माणसापुढं खोटं चालत नाही, तो तोंड पाहतच नाही तर खोटं चालवाचं कशावर? म्हटलं, "पुरणपोळी."

त्यानं ताट बाजूले सारलं. "कोणी?"

"साऱ्या गल्लीनं."

"तूप होतं?"

"होतं."

"पत्रावळीवर विडा बी ठेवला असशील," म्हणे, अन उठून हात धुतले.

मले रडू येत होतं अन त्याचा असा राग येत होता का बोलता सोय नाही. पण तो सायकलवर पोतं बांधून राह्यला होता, म्हणून पोत्याचा दोर धरून देला.

आल्याबरोबर त्यानं घोडीले हात लावला नाही. आधी सब्बल मागितली अन तुहा कोबा फोडला. तुह्या त्या साफ कोब्याचे तुकडे अजून न्हाणीमागं पडले आहेत, आला का दाखवीन. नाल्याची रेती टाकून घेतली, वीतभर. ओले गोणपाट खुरांले गुंडाळले. कोरडा कडबा सोडून काही द्याचं नाही म्हणे. मंग रेतीत गुडघे टेकले अन तिच्या कानाजवळ म्हणे, "काकू, तुमी मोठ्या घरात पडल्या. लय माया आहे इथं. माया तोंडापासून सुरू होते अन पोटापाशी संपते."

गोठ्यातले लोक म्हणू लागले, "उस्ताद, एका दिवसात छाटून टाक, मोकळी होऊ दे बिचारी." उस्ताद म्हणे, "तुह्या बोटाचं नख मुळापर्यंत एका दिवसात काढू का? ये, बस. रापी तयारच आहे." कोणी बसलं नाही. मंग त्यानं समजावून सांगतलं, पण त्यांले नाही, घोडीले. आत जीव आहे, रक्त आहे. इतक्या महिन्यांत चुकीचं वाढलेलं एका दिवसात काढलं तर काकू पुन्हा उभ्या होणार नाहीत. थोडं काढाचं, थांबाचं, तिचा भार कसा पडते ते पाहाचं, मंग पुन्हा थोडं.

असं वर्षभर चाललं, बापू. दर दोन-तीन आठवड्यांनी येऊन तो उडदाच्या पापडाएवढ्या पातळ चकत्या काढे. अन मधल्या दिवसांचं काम माह्याकडं. ह्या वयात त्यानं मले घोडीचा पाय उचलाले शिकवलं. "खांद्याले खांदा टेकव. हात वरून खाली ने. मागू नको. थांब. देईल ती." पहिल्या दिवशी मी तासभर थांबली, तिनं काही देला नाही. उस्ताद म्हणे, "तिले बी मालूम आहे, हे हात पुरणपोळीवाले आहेत." रोज खूर खरवडाचे, पुसाचे, तळहात लावून पाहाचा गरम आहे का थंडा. मले आता माह्या गुडघ्याचं दुखणं कळत नाही, पण तिच्या कोणत्या पायाले कणकण आहे ते कळते.

मधी एक वेळ अशी आली का मी हरली. घोडी उभी राहे, चार पावलं टाके अन पुन्हा बसे. म्हटलं, "उस्ताद, होत नसेल तर सांग, उगी हाल नको तिचे." तो खुरावर हात ठेवून म्हणे, "काकू, ही बाई शिकून राह्यली. उशीर केला, पण शिकून राह्यली. तुमी आता तिले सोडू नका." बस. एवढंच. तेबी माह्याशी नाही बोलला. पण त्या दिवशी मी चहात साखर नीट टाकली.

थंडी सरता सरता ती अंगणात फिराले लागली. उन्हाळ्यात निंबाखाली मान वर करून डाहाळ्या तोडाले लागली. आता नवा खूर वरून खालपर्यंत आला, सरळ, गच्च, काळा. तू पाहिला असता तर फोटो काढला असता.

पण वावराच्या रस्त्यावर गिट्टी टाकली आहे. बिजली फाटकापाशी येते, एक पाय गिट्टीवर ठेवते अन मागं घेते. रोज सकाळी. तिकडे पाहत उभी राहते. नाल ठोकले तर ती वावरापर्यंत जाईल, बांधावर चरेल. नाही ठोकले तर हेच अंगण, हाच निंब. अन उस्ताद म्हणते, घोडीले चालण्याविना ठेवली का पाय पुन्हा आजारी पडतात. सारं केलेलं पाण्यात.

गेल्या महिन्यात त्यानं तिच्या मापाचे चार नाल घडवून आणले. मी घोडी बांधली, पदर खोचला, पाय धराले वाकली. तो इकडेतिकडे पाहू लागला, जमिनीवर. जोडे शोधून राह्यला होता.

"मालक कुठं आहे?"

"पुण्याले."

"मंग राहू दे."

म्हटलं, "अरे, वर्षभर पाय कोणी धरले? मीच नं? मंग आज काय झालं?"

"तू धरले. तुही गोष्ट वेगळी," म्हणे. "घोडीचा कागद त्याच्या नावाचा. दया त्याले आली होती. खिळा कुठून चालला अन कुठं निघाला, हे त्याच्या हाताले कळू दे. नाही तर उद्या तो तिले पुन्हा टेम्पोत घालेल अन तिच्या पायाखाली काय आहे त्याले मालूमच नसंल."

मी त्याले काय काय बोलली ते लिहीत नाही. हेकट, खडूस, मसणात गेला तरी नियम सांगशील, असं सारं. घोडी तयार, नाल तयार, हात तयार, अन हा म्हातारा जोडे शोधते. तो उठला, चारी नाल माह्या ओट्यावरच्या खुंटीले टांगले अन गेला. तुपवाली शेजारीण दुसऱ्याच दिवशी आली. म्हणे, एक द्या नं, दाराले लावते. म्हटलं, तुह्या दाराले पाहिजे तर आधी तुह्या पायाले ठोकून घे. पाह्य, मीबी त्याच्यासारखीच बोलाले लागली.

आता खरं सांगते, ज्याच्यासाठी एवढा कागद भरला. उस्तादाचा हात थरथरते. सायकल सुटली त्याची, आता कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून येते. मागच्या बाजाराच्या दिवशी एका बैलाले नाल ठोकताना हातोडी घसरली अन त्याच्याच अंगठ्यावर बसली. बैलाले काही झालं नाही. त्यानं अंगठा फडक्यात गुंडाळला, अन पहिल्यांदा, बापू, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मान वर करून माह्या तोंडाकडे पाह्यलं. मी पाह्यलं का नाही, हे पाहाले. मी तांदूळ निवडत बसली. खडा नव्हता तरी खडा काढून फेकला.

जाताना म्हणे, "टाचावाली, माह्या हातात पोळ्यापर्यंत दम आहे. काकूचं काम मलेच कराचं आहे. मंग ज्याच्या हातून कराचं त्याच्या हातून कर."

त्याच्यानंतर कोणाच्या हातून करू? आहे कोण?

अन नाल बी थांबणार नाहीत. खूर वाढते, माप बदलते. खूर कोणाच्या मीटिंगसाठी थांबत नाही.

म्हणून ये. एक दिवसाची सुट्टी काढ. वाशीमले उतर, तिथून अनसिंगची एसटी धर, फाट्यावर मी ऑटो पाठवते. पांढरे कपडे घालू नको. नवे बूट घालू नको. तो चकती नाकाजवळ आणेल, तोंड फिरवू नको. तू आला का पुरणपोळी करणार आहे, ती तुलेच वाढीन, गोठ्याकडे एक तुकडा जाणार नाही. अन तिच्याजवळ गेला का गळ्यात हात टाकू नको. खांद्याले खांदा टेकव, हात वरून खाली ने, अन थांब. मले तासभर लागला होता, तुले दोन लागतील. थांब. देईल ती.

पोळ्याच्या आत येजो, बापू.